तोफेच्या मॉडेलचा रंग चुकतोय असं वाटतं तेव्हा काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमानं

गणपती आटोपले, पाऊस ओसरला, की अलिबागला माझ्या टेबलावर तोफा जमायला लागतात. एखादी दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायची वीतभर लाकडी तोफ असते, एखादं १/७२ मापाचं प्लास्टिकचं किट, एखादी शिशाची जुनी जड तोफ. तक्रार मात्र ठरलेली: "बाटलीत रंग बरोबर दिसत होता, तोफेवर चुकला." तोवर माणसानं आणखी दोन-तीन बाटल्या आणून झालेल्या असतात. इतकी वर्षं हे दुरुस्त करताना मला दिसलंय की बाटली क्वचितच चुकीची असते. चूक बहुतेक वेळा बाटलीच्या बाहेर असते आणि बरीचशी फुकटात सापडते.

आधी लक्षणं बघू. तुमच्या तोफेत यातलं काय आहे ते ओळखा.

– हिरवा किंवा राखाडी गाडा वाळल्यावर जवळजवळ काळा दिसतो.
– रात्री टेबलावर बरोबर वाटलेला राखाडी सकाळी निळसर दिसतो.
– पितळी नळी जत्रेतल्या खेळण्यासारखी सोनेरी चमकते.
– लोखंडी नळी म्हणजे नुसता काळा ठोकळा. कडा, वळ्या, कान (नळीच्या दोन बाजूंचे खुंट) काहीच उठून दिसत नाही.
– एकाच बाटलीतून रंगवलेल्या दोन तोफा वेगळ्या दिसतात.
– शेवटचं वार्निश मारल्यावर पांढुरकी साय धरते.
– सगळं नीट जमलंय, तरी तोफ त्या काळातली वाटत नाही.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या तिघींना एक पैसा लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त तोफा तिथंच सुटतात.

उजेड

तोफ उचला आणि सकाळी दहाच्या सुमारास पडवीत न्या. थेट ऊन नको, सावलीतला मोकळा उजेड हवा. खाली पांढरा कागद ठेवा आणि मग बघा. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे निघू शकतात, कारण दिव्याच्या प्रकाशात सगळ्या छटा सारख्या प्रमाणात नसतात. पिवळ्या बल्बखाली मिसळलेला राखाडी हमखास निळ्याकडे झुकतो. बल्बच्या पिवळेपणाची भरपाई म्हणून आपण नकळत निळा वाढवत जातो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. वाडीतल्या घरात खिडकीतून येणारा उजेड माड-पोफळीच्या पानांमधून गाळून येतो, त्यामुळे तो हिरवट असतो. अशा खिडकीशी बसून रंगवलेला ऑलिव्ह हिरवा शहरातल्या फ्लॅटमध्ये गेला की तपकिरी दिसतो. नागावच्या एका मुलानं याच कारणानं एक गाडा चार वेळा रंगवला होता. त्याचा रंग पहिल्याच वेळी बरोबर होता. टेबल समुद्राकडच्या खिडकीशी हलवलं आणि प्रश्न मिटला.

मोबाइलमधल्या फोटोवरून निर्णय घेऊ नका. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा तोल आपल्या मनानं बदलतो. दोन तोफा शेजारी ठेवून एकाच फोटोत टिपल्या तरच तुलनेला अर्थ आहे.

बाटली ढवळली का?

हलवली नव्हे, ढवळली. रंगाची भुकटी आणि रंगाला मॅट करणारी पूड दोन्ही तळाशी बसतात. वरचा पातळ रंग उचलला तर तो चकचकीत आणि गडद येतो. आइस्क्रीमच्या काडीनं तळ खरवडून दोन मिनिटं ढवळा. एकाच बाटलीतून दोन छटा येण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

तुम्ही नक्की कशाची नक्कल करताय?

ही तपासणीही फुकट आहे, पण तिला वेळ द्या. "त्या काळातली वाटत नाही" हे लक्षण इथंच सुटतं.

ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात गेलात की तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा दिसतात. अलिबागला येणारा प्रत्येक जण त्यांचा फोटो काढतो. त्या फोटोवरून लोक कान्होजी आंग्र्यांची तोफ बनवतात आणि तिला तो गंजका तांबूस-काळा रंग देतात. पण त्या तोफा इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याच्या. तो कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये, आणि कान्होजी गेले १७२९ मध्ये. शिवाय तिथले गाडे लोखंडी आहेत. अठराव्या शतकातल्या तोफेचा गाडा लाकडाचा असायचा. म्हणजे नळी, गाडा आणि रंग, तिन्ही दुसऱ्याच काळातले.

तिथला गंजही आपल्याला फसवतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडाला सतत ओलं ठेवतं, म्हणून किनाऱ्यावरची तोफ अशी पापुद्रे सुटलेली, तांबूस दिसते. वापरातली तोफ अशी कुणी राहू दिली नसती. लोखंडी नळीला काळा रंग देत, तेल-डांबरानं तिला जपत, कारण गंजलेल्या नळीतून बार काढणं हे तोफ डागणाऱ्या गोलंदाजाच्या जिवाशी खेळणं होतं. किल्ल्यावर आपण पाहतो तो तोफेचा दीड-दोनशे वर्षं बेवारस पडून राहिल्यानंतरचा रंग आहे. मॉडेल उद्ध्वस्त तटावरच्या तोफेचं असेल तर तो जरूर द्या. लढाईतलं असेल तर देऊ नका.

म्हणून ब्रश धरण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा: तोफ कोणत्या सैन्याची, कोणत्या काळातली, आणि नळी कोणत्या धातूची.

नेपोलियनच्या काळातल्या तोफा करत असाल तर सैन्य बदललं की गाड्याचा रंग बदलतो. फ्रेंचांचा ऑलिव्ह हिरवा, ब्रिटिशांचा निळसर झाक असलेला राखाडी, प्रशियाचा फिकट निळा, ऑस्ट्रियाचा गेरूच्या जातीचा मातकट पिवळा, रशियाचा हिरवा. गाड्यावरचं लोखंडकाम यांतल्या बहुतेकांकडे काळं. फ्रेंचांचा तो ऑलिव्ह कसा बनायचा हे कळलं की मिसळणंही सोपं जातं: पिवळ्या मातीच्या रंगात थोडासा काळा. पिवळ्यात काळा पडला की हिरवट छटा येते, करून बघा. बाजारातल्या गर्द हिरव्यात तपकिरी घालत बसण्यापेक्षा ही वाट जवळची, आणि छटाही जास्त खरी येते. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गाड्यांचा ऑलिव्हही याच घराण्यातला.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन तोफ असेल तर साल बघा. १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत पाया गडद राखाडी, त्यानंतर गडद पिवळा. त्यामुळे १९४१ ची पिवळी तोफ रशियाच्या बर्फात ठेवली तर जाणकाराला लगेच खटकते.

मराठी तोफखान्याचे गाडे मी रंगवत नाही, लाकूड म्हणून करतो: तेल पाजलेलं सागवान, त्यावर काळपट लोखंडी पट्ट्या. ही माझी निवड आहे. पानिपतावरच्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा करतानाही मी तेच केलं. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेकडे युरोपीय धर्तीच्या तोफा होत्या, तिथं गाड्याची घडण युरोपीय ठेवतो, लाकूड मात्र तसंच. लाकडाच्या रंगासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. रेवदंड्याच्या खाडीवर ओढून ठेवलेली जुनी होडी बघा, गावात उरलेल्या बैलगाडीचं चाक बघा. तुंब्याजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यावर, तेलकट काळा, आऱ्यांवर करडा तपकिरी, आणि धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, जमिनीला घासून चकाकणारी. धावेची ही चकाकी लोक विसरतात आणि सगळं लोखंड एकाच काळ्यानं रंगवतात. चालत्या चाकाच्या धावेवर रंग टिकत नाही, तिथं उघडं लोखंड दाखवा.

आता नळी. कांस्याच्या तोफेत ढोबळमानानं नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील. त्यामुळे तिचा रंग सोन्यासारखा पिवळा नसतो, तांबूस तपकिरी असतो, आणि उघड्यावर राहून काळपट हिरवा होत जातो. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ ची, अहमदनगरला ओतलेली. इतक्या वर्षांनी ती गडद, हात फिरून गुळगुळीत झालेली दिसते, पण लोखंडासारखे पापुद्रे तिला सुटलेले नाहीत. पंचधातूची म्हणून ओळखली जाणारी जंजिऱ्याची कलालबांगडी समुद्राच्या तोंडावर राहूनही तशीच. मुरूडला गेलात तर ती आणि कुलाब्याच्या लोखंडी तोफा एकाच दिवशी बघा. दोन धातू सारख्याच वाऱ्यात किती वेगळे वागतात, ते तुमच्या डोळ्यांत कायमचं बसेल. जत्रेतल्या सोनेरीवर उपाय साधा आहे: सोनेरीत तिसरा हिस्सा तांबूस तपकिरी मिसळा, वाळल्यावर पातळ काळपट तपकिरी वॉश वळ्यांमध्ये उतरू द्या आणि वरचा पुसून काढा.

चमच्यावरची चाचणी

आता दहा-वीस रुपयांचा खर्च. प्लास्टिकचे तीन चमचे घ्या. एकाला काळं अस्तर, एकाला राखाडी, एकाला पांढरं. तिन्हींवर तुमचा रंग द्या आणि एक पूर्ण दिवस थांबा.

पातळ थरातून अस्तर खालून दिसतं. पिवळ्या आणि हिरव्या रंगांची खालचं झाकण्याची ताकद कमी, म्हणून काळ्या अस्तरावरचा ऑलिव्ह दोन हात देऊनही काळवंडलेलाच राहतो. लोक मग तिसरा, चौथा हात देतात आणि बारीक नक्षी बुजते. मी गाड्याला राखाडी किंवा मातकट तपकिरी अस्तर देतो आणि काळं फक्त लोखंडी नळीला. थांबायचं कारण असं की ॲक्रिलिक वाळताना गडद होतो. ओला रंग बघून "फिका झाला" म्हणत काळा वाढवला, तर दुसऱ्या दिवशी पस्तावाल. इनॅमल असेल तर एक दिवस हा कमीत कमी.

मापाचा हिशेब

अस्तर बरोबर, उजेड बरोबर, तरी गाडा काळा दिसतोय? मग हे.

१/७२ ची तोफ तुम्ही ३० सेंटिमीटरवरून बघता, म्हणजे खरी तोफ जवळजवळ २२ मीटरवरून बघितल्यासारखं. तेवढ्या अंतरावरून रंग फिका आणि धुरकट दिसतो. म्हणून खऱ्या गाड्याचा तंतोतंत रंग छोट्या मॉडेलवर दिला की तो जड वाटतो. छंदवाल्यांत चालत आलेला ढोबळ हिशेब आहे: १/३२ ला सात टक्के फिका, १/४८ ला दहा, १/७२ ला पंधरा. ड्रॉपरनं थेंब मोजून करा.

फिका करायला पांढरा मात्र वापरू नका. पांढऱ्यानं हिरवा खडूसारखा निर्जीव होतो. हिरव्यात फिका पिवळट बदामी घाला, राखाडीत फिका राखाडी. काळा तर बाटलीतून थेट नळीवर कधीच देऊ नका. गडद राखाडीत चिमूटभर तपकिरी घाला आणि कडांवर त्याहून एक पायरी फिका रंग घेऊन, जवळजवळ सगळा पुसून काढलेला कोरडा ब्रश फिरवा. शुद्ध काळा नळीच्या तोंडातल्या पोकळीपुरता राखून ठेवा. तो काळा ठोकळा एवढ्यानं तोफ दिसायला लागतो.

दमट हवा आणि वार्निश

पांढुरकी साय हा आपल्या किनाऱ्याचा खास आजार. फवाऱ्याच्या वार्निशातलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवेतलं पाणी त्या थंड पृष्ठभागावर बसतं. गार लोट्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच. ते पाणी ओल्या थरात अडकून पांढरं दिसतं. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते.

तीन-चारशे रुपयांचं आर्द्रतामापक घ्या. माझा नियम: काटा ७० च्या वर असेल तर फवारा हातात घ्यायचा नाही. जून ते सप्टेंबर मी फक्त ब्रशनं पाण्याचं ॲक्रिलिक वार्निश लावतो, तेही दुपारी. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात रंगकाम करणाऱ्या काकांनी मला हे शिकवलं. भर आषाढ-श्रावणात मूर्ती रंगवायच्या म्हणजे दमट हवेशी त्यांचा जन्माचा संबंध. ते मूर्तीच्या तुटक्या हातावर आधी एक फटकारा मारतात, कामं उरकेपर्यंत तो तुकडा बाजूला ठेवतात, आणि त्यावर साय आली तर त्या दिवशी शेवटचा हात देतच नाहीत. "वाळवायची घाई केली तर रंग नाराज होतो," म्हणायचे.

साय धरलीच असेल तर घाबरून खरवडू नका. लॅकर वार्निश असेल तर कोरड्या दिवशी त्याच वार्निशात हळू उडणारं थिनर, ज्याला दुकानदार रिटार्डर म्हणतात, घालून अगदी हलका थर द्या. खालचा थर किंचित मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. मॅट वार्निश जाड बसून पांढरं झालं असेल तर त्यावर चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या, आणि मग कोरड्या हवेत पुन्हा मॅट. वाळवायला तोफ सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवा. बल्ब लावलेल्या खोक्यात ओलं थिनर कधीही ठेवू नका, आग लागते.

रंग उतरवणं

हा शेवटचा उपाय. प्लास्टिकवरचा ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून, सकाळी मऊ टूथब्रशनं निघतो. आधी एक सुटं चाक बुडवून बघा. ॲसिटोन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर प्लास्टिकला लावू नका, आरे वितळून एकमेकांना चिकटलेले मी पाहिलेत. एकाच तोफेचा रंग दोनदा उतरवून झाला असेल तर तिसऱ्यांदा उतरवू नका. पट्ट्यांवरचे खिळे तोवर पुसट झालेले असतात आणि पुढचा कोणताही रंग ते परत आणत नाही.

इथं थांबा, जाणकाराकडे जा

वार्निश टिकत नाही म्हणून मोटारगाडीसाठीचं दोन घटकांचं क्लिअर कोट वापरायचं ठरवलंत, तर ते घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. स्प्रे बूथ असलेल्या गॅरेजमधल्या पेंटरकडे द्या. कोणताही फवारा मारल्यावर छाती भरून आली, खोकला थांबेना, तर काम तिथंच सोडून डॉक्टरकडे जा.

शिशाच्या जुन्या तोफेवर रंगाखालून पांढरी भुकटी फुटत असेल तर तो रंगाचा दोष नाही. शिसं झिजतंय. बंद लाकडी कपाटात, लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं आणि दमट हवेनं हे होतं. ती भुकटी विषारी आहे. पॉलिश पेपर लावू नका, फुंकर मारू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, हात साबणानं धुवा. तोफ कपाटातून काढून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.

लाखकाम केलेली लाकडी तोफ असेल, सावंतवाडीकडची असते तशी, तर तिला अल्कोहोल लावूच नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ती लाखकाम करणाऱ्या कारागिराच्याच हातात द्या.

घरातली पिढीजात पितळी किंवा कांस्याची तोफ आली तर मी आता हात लावत नाही. मामांच्या घरी देव्हाऱ्याखाली एक बोटभर लांबीची तोफ असायची. शाळेत असताना मी ती चिंचेनं घासून लखलखीत केली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त बराच वेळ हातात घेऊन बसले. तो काळसर तपकिरी थर त्यांच्याही आजोबांच्या हातांनी चढलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. तसा थर रंगानं किंवा वॉशनं मी आजवर कुणालाही परत आणून दिलेला नाही.

आणि खऱ्या तोफेपाशी तर कसलीच तपासणी करायची नाही. मूळ रंग कोणता होता हे बघायला किल्ल्यावरच्या तोफेचा पापुद्रा किल्लीनं खरवडणारे मी पाहिलेत. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही सगळी संरक्षित स्मारकं आहेत, आणि १९५८ च्या कायद्याप्रमाणे त्यांना इजा करणं गुन्हा आहे. त्या पापुद्र्याखाली रंग सापडत नाही, ताजं लोखंड उघडं पडतं आणि खारा वारा त्याला लगेच धरतो. किनाऱ्यावर वाळूत किंवा बुरुजाखाली नवा गोळा किंवा नळी दिसली तर उचलू नका. गोळा पोकळ असेल तर आत दारू असू शकते. जागा लक्षात ठेवा, लांबून फोटो काढा आणि पोलिसांना व पुरातत्त्व खात्याला कळवा.